डोक्यावर एक पौंड इनाम

टास्मानियाच्या राज्यचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्राणी मागच्या पायांवर उभा आहे. तोंड कुत्र्याचं, पाठीच्या मागच्या भागावर आडवे काळे पट्टे, शेपटी ताठ. हा थायलसीन, म्हणजेच टास्मानियन वाघ. राजा पाचव्या जॉर्जने १९१७ साली हे चिन्ह मंजूर केलं. त्याच्या आठच वर्षं आधीपर्यंत टास्मानियाच्या सरकारी तिजोरीतून हाच प्राणी मारून आणणाऱ्याला रोख इनाम मिळत होतं. मोठ्या जनावराला एक पौंड, पिल्लाला दहा शिलिंग. १८८८ ते १९०९ या काळात २,१८४ वेळा हे इनाम चुकतं झालं. आज हा प्राणी राज्यात सगळीकडे आहे: सरकारी कागदांवर, गाड्यांच्या नंबरप्लेटवर, बिअरच्या बाटल्यांवर. जंगलात मात्र नाही.

होबार्टच्या विद्यापीठात शिकणाऱ्या भाच्याने मला बोलावून घेतलं ते वेगळ्याच आमिषाने. "मावशी, एका वाघासाठी तू ताडोब्यात पहाटे चारला उठतेस. इकडे ये, रात्री जेवण झाल्यावर शिकारी प्राणी दाखवतो. तेही पिशवीवाले." पोटाला पिशवी असलेला प्राणी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गवत खाणारा कांगारू येतो. हाडं फोडणारा, कोंबड्या पळवणारा, झाडावर चढून पक्षी मारणारा पिशवीवाला प्राणी पाहायचा असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, बास सामुद्रधुनीपलीकडच्या या बेटासारखी दुसरी जागा नाही. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहूनही कमी, आणि वस्ती पुण्यातल्या चार-दोन उपनगरांत मावेल एवढी.

पण सुरुवात झाली ती मेलेल्या जनावरापासून. होबार्टचं संग्रहालय बंदराला लागूनच आहे. तिथल्या थायलसीनच्या दालनात एक जुनी मूक चित्रफीत पाहायला मिळते. डेव्हिड फ्ली या निसर्गअभ्यासकाने १९३३ साली ती शहरातल्या बोमॅरिस प्राणिसंग्रहालयात घेतली. जनावर पिंजऱ्यात येरझाऱ्या घालतं, अंग टाकतं, मग जांभई देतं. ती जांभई थांबतच नाही. जबडा निखळला की काय असं वाटेपर्यंत उघडत जातो. चित्रण चालू असताना या जनावराने फ्लीच्या ढुंगणाचा चावाही घेतला होता. हे कळल्यावर भाच्याने चित्रफीत पहिल्यापासून पुन्हा पाहिली.

याच प्राणिसंग्रहालयात शेवटचा ज्ञात थायलसीन ७ सप्टेंबर १९३६ रोजी मेला. ती म्हातारी मादी होती. एलियास चर्चिल नावाच्या माणसाने फ्लॉरेन्टाइन खोऱ्यात ती फासात पकडली आणि मे महिन्यात विकली. फास लावणं कायद्याला धरून नव्हतं, त्यामुळे व्यवहाराचा गाजावाजा झाला नाही. १० जुलैला सरकारने थायलसीनला संपूर्ण संरक्षण दिलं. त्यानंतर तो प्राणी ५९ दिवस जगला. मेल्यावर शव संग्रहालयात आलं खरं, पण नोंदवहीत नीट चढलंच नाही. कातडं कमावून शाळाशाळांत फिरवायच्या संचात गेलं आणि पोरांच्या हाताखालून वर्षानुवर्षं जात राहिलं. जगभरचे अभ्यासक 'शेवटच्या थायलसीनचे अवशेष हरवले' असं लिहीत होते, तेव्हा ते याच संग्रहालयाच्या एका कपाटात होते. रॉबर्ट पॅडल आणि कॅथरीन मेडलॉक या दोघांनी जुन्या अहवालातल्या एका नोंदीचा माग काढत त्यांची ओळख पटवली, तेव्हा २०२२ साल उजाडलं होतं.

एवढं वैर कशासाठी? मेंढ्यांसाठी. बेटाच्या वायव्य टोकाला व्हॅन डीमेन्स लँड कंपनीची मेंढपाळी होती. लंडनहून चालणाऱ्या या कंपनीने १८३० सालीच थायलसीनच्या डोक्यावर इनाम लावलं. मेंढ्या मरत होत्या हे खरं. पण मोकाट कुत्री, चोऱ्या, थंडी आणि मालकांचा गलथान कारभार यांच्या वाट्याचं पापही या पट्टेवाल्याच्या खात्यावर लिहिलं जात होतं. १८८६ मध्ये जॉन लाइन या आमदाराने सरकारी इनामाचा ठराव मांडला. तो १२ विरुद्ध ११ मतांनी, म्हणजे एका मताने मंजूर झाला. त्यानंतर वीस वर्षांत जंगलं तुटणं, रोगराई आणि बंदूक यांनी मिळून काम जवळजवळ संपवलं. रानातल्या थायलसीनला मारल्याची शेवटची पक्की नोंद १९३० सालची आहे. मॉबॅना गावच्या विल्फ बॅटी या शेतकऱ्याने आपल्या शेतावर तो मारला.

हे वाचताना मराठी माणसाने फार दूरचं म्हणून नाक मुरडू नये. त्याच ब्रिटिश साम्राज्याच्या कारभारात आपल्याकडेही शिकारी जनावरांचे दर ठरलेले होते. महेश रंगराजन या इतिहासकाराने सरकारी नोंदींवरून काढलेल्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामासाठी ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. विदर्भातल्या जंगलांत आज पर्यटक ज्याच्यासाठी गाडी थांबवायला सांगतात तो कोळसुंदाही तेव्हा उपद्रवी जनावरांच्या यादीत होता. आपले प्राणी कसेबसे उरले, कारण मागे सरकायला दुसरं जंगल होतं. टास्मानियात मागे सरकायला समुद्र होता.

होबार्ट सोडून उत्तरेकडे निघालं की मिडलँड्सचा माळ लागतो. ओटलँड्स, रॉस, कॅम्पबेल टाउन अशी दगडी घरांची टुमदार गावं, आणि त्यांच्या मधल्या पिवळ्या गवतावर नजर जाईल तिथवर मेंढ्या. इथली सुबत्ता या लोकरीवर उभी राहिली. मे महिना होता, म्हणजे तिथला उतरता शरद. पाचनंतर उजेड मावळू लागला आणि रस्त्याच्या कडेला दुसरंच टास्मानिया दिसू लागलं. चिरडलेला पॉसम, मग एक वॉलबी, पुन्हा पॉसम, एक पॅडेमेलन. पॅडेमेलन म्हणजे कांगारूचा बुटका, गुबगुबीत भाऊबंद. वन्यप्राण्यांचे इतके बळी घेणारे रस्ते फार थोड्या ठिकाणी असतील. संध्याकाळ ते पहाट वेग कमी ठेवा, असं सांगणाऱ्या पाट्यांवर काळ्या टास्मानियन डेव्हिलचं, इथल्या पिशवीवाल्या शिकाऱ्याचं, चित्र असतं. भाचा त्या पाट्या मनापासून पाळत होता. मागची गाडी दिवे मारून चिडचिड करत पुढे गेली, तरी याने वेग वाढवला नाही.

"घाई कोणाला आहे, मावशी? डेव्हिल काय, आपण पोचल्याशिवाय उठणारच नाहीत."

क्रेडल माउंटन हा १,५४५ मीटर उंचीचा, करवतीच्या दातांसारख्या माथ्याचा डोंगर. गुस्ताव वाइनडॉर्फर हा ऑस्ट्रियातून आलेला गृहस्थ आणि त्याची बायको केट यांना या जागेने वेड लावलं. १९१२ मध्ये त्याने इथे पाइनच्या लाकडाचं अतिथिगृह बांधलं आणि हा मुलूख सगळ्यांसाठी राखून ठेवावा म्हणून जन्मभर खटपट केली. आज हा सारा भाग जागतिक वारशात आहे. दिवसा डव्ह सरोवराच्या काठाने चालताना वॉम्बॅट गवताचे बुडखे कुरतडत आपल्याच तंद्रीत पुढ्यातून जातात. त्यांची विष्ठा चौकोनी ठोकळ्यांची असते आणि ती ते मुद्दाम दगडावर, ओंडक्यावर नेऊन ठेवतात. शिकारी मात्र दिवसा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीजवळच्या अभयकेंद्रात रात्रीच्या जेवणाला हजर राहावं लागतं.

तिथली काळजीवाहू तरुणी हातात वॉलबीची तंगडी घेऊन कुंपणात शिरली. अंधारातून पहिल्यांदा शिंक ऐकू आली. डेव्हिल भांडणाचं आव्हान शिंकेने देतात, असं तिने सांगेपर्यंत गुरगुर सुरू झाली होती. मग ती किंकाळी. माणसाची नाही, कुत्र्याची नाही, लोखंडी फाटक गंजलेल्या बिजागरीवर ओढल्यासारखी. जंगलात पहिली रात्र काढणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही किंकाळी ऐकली, दिव्याच्या उजेडात रागाने लालबुंद झालेले कान पाहिले आणि या जनावराला सैतानाचं नाव देऊन टाकलं. ते त्याला कायमचं चिकटलं.

प्रत्यक्षात सैतान गुडघ्याएवढाही नाही. काळा, ठेंगणा, डोकं अंगाच्या मानाने भलतंच मोठं, छातीवर पांढरा पट्टा, आणि चाल अशी डुलती की मागचा भाग पुढच्याचं ऐकत नाही असं वाटावं. नर दहा-बारा किलोपर्यंत भरतो, मादी त्याहून हलकी. पण अंगाच्या आकाराशी ताडून पाहिलं तर आजच्या मांसाहारी सस्तन प्राण्यांत चाव्याची ताकद सर्वांत जास्त याचीच. जबडा ७५-८० अंशांत उघडतो. आपल्याकडच्या तरसासारखा तो हाडं फोडतो. त्याच्यापुढे एक पाऊल जाऊन कातडं, केस, कवटी सगळंच पोटात घालतो. सवड मिळाली तर एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या जवळपास चाळीस टक्के खातो आणि चरबी शेपटीत साठवतो. त्या रात्री तंगडीला दोन बाजूंनी दोघे लटकले होते. हाड तुटल्याचा आवाज कुंपणाबाहेर स्पष्ट आला आणि पुढे उभ्या असलेल्या एका कुटुंबातली मुलं नकळत एक पाऊल मागे सरकली.

"हे भांडण नाही," ती तरुणी म्हणाली. "ओढाताणीशिवाय त्यांना मांस तोडताच येत नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने खेचायचं." जांभई दिली तर तो पेंगुळलेला नसतो, घाबरलेला असतो. एकमेकांच्या तोंडावर चावणं हा त्यांच्या बोलण्याचाच भाग. जेवताना चावतात, माजावर आल्यावर तर फारच चावतात. त्यांच्या नाकाडावर जुन्या व्रणांच्या रेघा असतात. या चावण्यानेच पुढे त्यांच्यावर काय संकट आणलं, ते सांगण्याआधी पिशवीत डोकावायला हवं.

मार्च हा माजाचा महिना. गर्भ जेमतेम तीन आठवडे पोटात राहतो. मादी वीस-तीस, कधी त्याहूनही जास्त पिल्लांना जन्म देते. प्रत्येक पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं, आंधळं, गुलाबी. त्या दाण्याने आईच्या केसांतून सरपटत पिशवीत पोचायचं आणि आचळ तोंडात धरायचं. आचळं फक्त चार. पहिले चार पोचले ते जगले, उरलेले मेले. जगण्यातली सगळ्यांत मोठी शर्यत आयुष्याच्या पहिल्या काही मिनिटांतच संपून जाते. डेव्हिलच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, त्यामुळे आई बीळ उकरते तेव्हा माती आत जात नाही. त्या रात्री कुंपणात ज्या माद्या गुरगुरत होत्या, त्यांच्या पिशव्यांत कदाचित असेच चार-चार दाणे लटकलेले असतील. साधारण साडेतीन महिने ते तिथून हलत नाहीत.

हे पिशवीवाले इथे आले कसे? दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि आपला भारत ही सगळी भूमी एके काळी गोंडवन महाखंडात जोडलेली होती. भारताचा तुकडा लवकर सुटून उत्तरेला निघाला. पिशवीवाल्यांचे पूर्वज त्यानंतर दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियात पोचले आणि मागचा रस्ता तुटला. तिथे ना लांडगा होता, ना मांजर, ना मुंगूस. या सगळ्यांच्या जागा पिशवीवाल्यांनीच भरल्या. लांडग्याच्या जागी थायलसीन आला. या दोघांचा समाईक पूर्वज सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीचा, तरी कवट्या शेजारी ठेवल्या तर प्राणिशास्त्राचा विद्यार्थीही चकतो. ओळखायची खूण टाळूत असते: थायलसीनच्या टाळूच्या हाडाला दोन भोकं असतात. सिंहाच्या जागी थायलॅकोलिओ नावाचं शंभर किलोंहून जड जनावर आलं. त्याचे पूर्वज शाकाहारी होते. माणूस या खंडावर आल्यानंतरच्या काही हजार वर्षांत तो नाहीसा झाला. सर्वांत धाकट्या टोकाला आहे प्लॅनिगेल. त्याचं वजन चार-पाच ग्रॅम आणि डोकं इतकं चपटं की सुकलेल्या जमिनीच्या भेगांत शिरून तो नाकतोडे आणि गोम्यांची शिकार करतो.

अभयकेंद्राच्या दुसऱ्या भागात क्वॉल होते. आकार मांजरीचा, अंगावर पांढरे ठिपके. एकाच मादीच्या पिल्लांत काही बदामी निघतात तर काही काळेकुळकुळीत. हा पूर्वेकडचा क्वॉल जेमतेम किलोभर वजनाचा असतो. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचा त्याचा शेवटचा पक्का नमुना १९६३ साली सिडनीच्या व्होक्लूज उपनगरात सापडला. कोल्हा, मांजर आणि विषारी आमिषं यांनी मिळून त्याला तिथून घालवलं. टास्मानियात कोल्हा रुजला नाही, म्हणून हा वाचला. २०१६ पासून कॅनबेराजवळच्या मलिगन्स फ्लॅट या कुंपणबंद जंगलात टास्मानियाचे क्वॉल नेऊन सोडले गेले आणि ते तिथे वाढतही आहेत. शेजारच्या खोलीतला ठिपकेदार शेपटीचा क्वॉल मात्र निराळ्याच तालेवारीचा; नर सात किलोपर्यंत भरतो. आम्ही पाहत होतो तेव्हा तो उभ्या बुंध्यावरून डोकं खाली करून सरळ उतरला आणि तोंडात धरलेली कोंबडीची मान कोणाला दिसू नये अशा बेताने ओंडक्यामागे घेऊन गेला.

या घराण्यातल्या काही नरांचं जगणं अजब आहे. अँटेकायनस हा उंदराएवढा शिकारी वर्षातून एकदाच, दोन-तीन आठवडे माजावर येतो. त्या काळात नर ना खातो ना झोपतो, फक्त माद्यांच्या मागे धावतो. तणावाच्या संप्रेरकाने त्याचं अंग पोखरलं जातं, केस झडतात, पोटात रक्तस्राव होतो, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत त्या जातीचे सगळेच्या सगळे नर मरून जातात. मागे उरतात त्या केवळ गाभण माद्या. उत्तरेकडच्या क्वॉलच्या नरांचीही बहुधा हीच गत होते. त्यात त्यांच्या नशिबी आणखी एक संकट आलं. क्वीन्सलँडच्या उसातले किडे खावेत म्हणून १९३५ मध्ये हवाईहून विषारी केन टोड आणून सोडले गेले. बेडकांनी उसाचं भलं केलं नाहीच. त्यांना खाऊन क्वॉल पटापट मरू लागले. मग संशोधकांनी मळमळ आणणारं औषध घालून बेडकाच्या मांसाचे सॉसेज बनवले आणि क्वॉलना खाऊ घातले. एकदा पोट ढवळलं की त्या वासाच्या वाटेला ते पुन्हा जात नाहीत.

डेव्हिलवर आलेलं संकट असं युक्तीने टळणारं नव्हतं. १९९६ साली बेटाच्या ईशान्य टोकाला क्रिस्टो बार्स या डच छायाचित्रकाराने टिपलेल्या डेव्हिलच्या तोंडावर भयंकर गाठी दिसल्या. पुढच्या काही वर्षांत तशा गाठींचे डेव्हिल ठिकठिकाणी सापडू लागले. गाठी तोंड, डोळे, जबडा व्यापत जातात. जनावराला खाता येत नाही आणि काही महिन्यांत ते मरतं. विषाणू शोधून सापडेना. अ‍ॅन-मरी पिअर्स आणि केट स्विफ्ट यांनी गाठींच्या पेशींतली गुणसूत्रं मोजली. डेव्हिलच्या पेशीत १४ गुणसूत्रं असतात. गाठींच्या पेशींत १३ होती, आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या जनावरांच्या गाठींत बिघाड नेमका तोच होता. २००६ साली त्यांनी 'नेचर'मध्ये निष्कर्ष मांडला: हा कर्करोग प्रत्येकाला वेगळा होत नाही. एकाच डेव्हिलमध्ये तो कधी तरी उपजला आणि त्याच्या जिवंत पेशी चाव्यातून एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जात आहेत. ज्या जनावरापासून सुरुवात झाली ते केव्हाच मेलं. त्याच्या पेशी अजून वाढतात. पुढे ते मूळ जनावर मादी होतं असंही निघालं. २०१४ मध्ये आग्नेय भागात असाच दुसरा, स्वतंत्रपणे उपजलेला कर्करोगही सापडला.

आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना यातलं तत्त्व परिचयाचं आहे. भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणाऱ्या गाठी याच जातीच्या: हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात उपजलेला कर्करोग आजही एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कुत्र्यांचा हा रोग औषधाने बहुतेक वेळा बरा होतो. डेव्हिलचा होत नाही, कारण त्या पेशी आपली ओळख सांगणारे रेणू पृष्ठभागावरून लपवतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना परका कोणी आल्याचं कळतच नाही. काही भागांत ऐंशी टक्क्यांहून जास्त डेव्हिल गेले. २००८ साली ते संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत चढले.

जंगलाला त्यांची उणीव लगेच जाणवली. डेव्हिल कमी झाले तिथे मेलेली जनावरं कितीतरी जास्त दिवस पडून राहू लागली. त्यांवर कावळे आणि मोकाट मांजरं पोसली जाऊ लागली. जनावरांच्या वेदनाशामक औषधामुळे आपली गिधाडं गेली तेव्हा गावोगावच्या ढोरफोडीच्या जागी जे झालं, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. ज्याला कोंबडीचोर म्हणून शिव्या दिल्या, तो रोज रात्री बेट झाडून काढत होता.

मग राज्याची तीच तिजोरी उलट्या दिशेने उघडली. २००३ साली सुरू झालेल्या बचाव कार्यक्रमात निरोगी डेव्हिल वेगळे काढून देशभरच्या प्राणिसंग्रहालयांत आणि अभयकेंद्रांत वाढवले गेले. होबार्टच्या मेन्झीस संस्थेत लसीवर काम चालू आहे. आणि क्रेडलजवळच्याच वेस्ट पेन्सिल पाइन या भागात काही जंगली डेव्हिलच्या गाठी आपोआप आटल्याचंही संशोधकांना आढळलं. मोजक्या पिढ्यांत त्यांच्या जनुकांमध्ये प्रतिकाराच्या खुणा दिसू लागल्या आहेत.

कार्यक्रमातला सर्वांत धाडसी प्रयोग पूर्व किनाऱ्यालगतच्या मरायाह बेटावर झाला. लिहिताना मारिया, उच्चार मात्र मरायाह. ट्रायबनाच्या धक्क्यावरून अर्ध्या तासाची बोट. बेटावर दुकान नाही, खासगी गाडी नाही. डार्लिंग्टनमध्ये कैद्यांच्या काळातल्या इमारती आणि त्यांच्या अंगणात चरणारे वॉम्बॅट. उतरताना पर्यटकाला शपथ वाचायला मिळते: सेल्फीच्या काठीने वॉम्बॅटचा पाठलाग करणार नाही. या बेटावर डेव्हिल पूर्वी कधीच नव्हते. २०१२ मध्ये १५ निरोगी डेव्हिल इथे सोडले गेले, पुढच्या वर्षी आणखी काही. रोग समुद्र ओलांडू शकत नव्हता, खायला भरपूर होतं, प्रजा झपाट्याने वाढली. कर्करोगाविरुद्धचा हा विमा उत्तम ठरला.

त्याचा हप्ता दुसऱ्याच कोणी भरला. बेटावर २०१२ मध्ये चिमुकल्या पेंग्विनची सुमारे ३,००० जोडपी होती. जमिनीतल्या बिळात अंडी घालणाऱ्या या पक्ष्यांनी पिढ्यान् पिढ्या रात्रीचा शिकारी पाहिलेलाच नव्हता. २०२१ मध्ये पक्षिमित्रांनी जाहीर केलं की बेटावर एकही जोडपं उरलेलं नाही. शीअरवॉटर पक्ष्यांच्या वसाहतीही उजाड झाल्या. पॉसमनी तेवढा धडा घेतला. जमिनीवर पडलेल्या खाऊवर पूर्वीसारखे बिनधास्त तुटून न पडता ते बिचकू लागले. बोटीवर परतताना एक आजोबा याच विषयावर तावातावाने बोलत होते. डेव्हिल हवेत, पण इथे कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. समोरच्या बाईंचं उत्तर तयार होतं: "मग कुठे? तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात?" बोट धक्क्याला लागेपर्यंत निकाल लागला नव्हता.

ट्रायबनाहून होबार्टकडे येताना अंधार पडला. एका वळणानंतर दिव्यांच्या झोतात रस्त्याच्या मधोमध पॅडेमेलन पडलेला दिसला. भाच्याने गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले, डिकीतून रबरी हातमोजे आणि उशीचा अभ्रा काढला. मादी असेल तर पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं. ते अभ्र्यात उबेला ठेवायचं आणि बोनोराँग अभयकेंद्राच्या चोवीस तास चालणाऱ्या बचाव सेवेला फोन करायचा, हे तिथल्या मित्रांनी त्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. त्याने विजेरीने पोट तपासलं.

"नर आहे," तो म्हणाला, आणि शेपटीला धरून ते धूड त्याने डांबरापासून चांगलं लांब, गवतात ओढत नेलं.

"आता मेलाच आहे, तर एवढी खटपट कशाला?" मी काच खाली करून विचारलं.

"याच्यासाठी नाही गं. रात्री डेव्हिल याला खायला येणार. रस्त्यावरच ठेवला तर खाता खाता तोही गाडीखाली." त्याने मोजे उलटे करून पिशवीत कोंबले. "आणि मावशी, ती सॅनिटायझरची बाटली दे. मग फरसाण काढ. भूक लागलीय."